अंगरखा विकून

देवळी,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

प्रिय भाऊ प्रेम याले ताईचा प्रभूत सलाम.

आम्ही इकडं बरे आहो असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू मोबाईल विहिरीत टाकला, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे कागदच. हरिभाऊ कंडक्टर उद्या हे पत्र जाम गावच्या स्टँडवरच्या चहावाल्याजवळ ठेवतीन. तू अन् तुझ्यामागं गेलेले पोट्टे तिथं दुधासाठी येता म्हणे.

थंडी अशी पडून राह्यली का सुईवर बोटं वळत नाई. नाताळाची चांदणी लावली, करंज्या व्हायच्या आहेत. आपल्याकडं दूध घालणाऱ्या मोतीलालची म्हैस व्याली, त्यानं चीक पाठवला. आईनं तो मोरीत ओतला. चीक तिले किती आवडते, तुले माहीत आहे. आई आजकाल शाल पांघरत नाई. हरवली म्हणते.

मागच्या रविवारी तुझे पोट्टे देवळात उपासनेले आले. सगळे नुसत्या सदऱ्यावर! खिडक्याच्या काचा तं ऑगस्टपासून फुटलेल्याच, वारा सरळ आत. पण एकजण काकडला नाई, खोकला नाई. म्हाताऱ्याइचे दात वाजत होते अन् हे दगडासारखे बसून. मी त्यातल्या माणिकले म्हटलं, "काऊन रे, तुले स्वेटर दिलं होतं नं?" तो हसला फक्त. त्याचे ओठ निळे पडले होते, प्रेम. मले त्या हसण्याची भीती वाटली.

मंग बाजारात गेली. चंद्रभान जुने कपडे विकते नं, त्याच्या दोरीवर माझे स्वेटर टांगलेले. माझेच! गेल्या साली नाताळाले मी एकेकाच्या मापानं विणले ते. वाऱ्यानं बाह्या हलत होत्या. वाटलं पोट्टे रांगेनं उभे आहेत, फक्त आत कोणी नाई. कोपऱ्यात तुझं निळं. त्याची डावी बाही लांब झालेली, कारण माप घेताना तू माकडासारखा हालत होता.

चंद्रभान म्हणे, "बाई, तुमच्याच मंडळीतले पोट्टे एकएक करून विकून गेले. भाव पण नाई केला. म्या म्हटलं बापा, थंडीत काऊन विकता? तं म्हणे, गुरूनं सांगतलं."

गुरू म्हणजे तू. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याच्याजवळ तरवार नाई त्यानं अंगरखा विकून ती घ्यावी. लूकमधलं ते वचन! अरे बावा, बाबांनी जन्मभर काय शिकवलं आपल्याले? येशूनं मी दार आहे म्हटलं, म्हणून त्याले कोणी कडी-कोयंडा शोधते का? पुढं कठीण दिवस आहेत, तयार राहा, एवढंच तो सांगत होता. शिष्यांनी खरंच दोन तरवारी काढून दाखवल्या, तं पुरे म्हणाला. भांडणाऱ्या लेकराइले आई वैतागून पुरे म्हणते, तसा. अन् त्याच राती एकाचा कान कापल्या गेला, तो त्यानंच हात लावून बरा केला. ते पान तू पोट्ट्याइले वाचून दाखवलं का?

ऑगस्टात देवळावर गोटे मारणाऱ्याइले मोतीलालनं बोलावलं, असं तू म्हणतो. तू तिथं नव्हता. मी होती. काच लागून आई पडली तेव्हा मोतीलालनंच आपल्या दुपट्ट्यानं तिचं कपाळ बांधलं. ती बेशुद्ध होती, तिले काही आठवत नाई. तू सांगतलं तेच तिच्यासाठी खरं. हजार वेळा सांगून पाह्यलं. ती माझ्याकडं पाहते अन् म्हणते, "प्रेमले दर्शन झालं आहे."

आता जे लिहायले हात उचलत नाई, ते लिहिते. त्या दोरीवर आईची शाल पण होती.

मी घरी येऊन तिचं अंथरूण झटकायले गेली. तिनं माझं मनगट धरलं. एवढा जोर त्या हातात कुठून आला माय! गादीखाली काहीतरी लांब, थंडगार लागलं. मी विचारलं, कोणी दिलं? म्हणे, "प्रेमनं. एक त्याच्याजवळ, एक माझ्याजवळ. प्रभू म्हणाला दोन पुरे." मागतली तं देत नाई. फक्त तुझ्याच हातात देईन म्हणते.

अन् आज सकाळी म्हणाली, "गुंजन, रविवारपासून दूध मी घेत जाईन. तू निज." ऑगस्टपासून ती दारापर्यंत आली नाई, प्रेम. दूध घेऊन कोण येते, तुले सांगायले नको.

मी मोतीलालले म्हटलं, रविवारी दूध नको. तो हसला. म्हणे, "रविवारी तं तुमच्याकडं पाहुणे असते बाई, जास्तीचं आणतो." खरं कारण कोण्या तोंडानं सांगू? माझी माय तुले मारायले बसली आहे, असं?

शाल मी सोडवून आणली. आईच्या खांद्यावर घातली, तं तिनं दोन बोटानं उचलून खाली ठेवली, कोण्या परक्याची असल्यासारखी. तुझं स्वेटर पण आणलं. दाराजवळच्या खुंटीवर आहे.

मी तुझ्यावर रागावली आहे, लय रागावली आहे. पण ये. शनिवारच्या शेवटच्या गाडीनं येजो, मोकळ्या हातानं येजो, अन् जे आईच्या हातात दिलं ते तुझ्या हातानं परत घेजो.

नाई आला तं रविवारी मोतीलालले दार मी उघडीन. आई माझ्या मागं उभी असंल.

तुझी ताई,
गुंजन