चोवीस डब्यांची उभी बाग

३ डिसेंबर १९६१, रविवार
आजपासून रोजनिशी. घरात माझ्याशिवाय वाचता येणारं कोणी नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
तुमसरचं स्थळ आलं आहे. मुलगा कंपाउंडर. बाबांना स्पष्ट सांगितलं, बी.ए. होऊन मी चूल फुंकणार नाही. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर रिगर आहेत, जड यंत्रं दोरखंडांनी वर चढवतात; माणूस न्यायी. म्हणाले, "नोकरी लागली तं एक साल थांबू. नाही तं पावन्यांले बोलावतो."
पाच फेब्रुवारीला अष्टग्रहीत, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले की, जग बुडणार, असं आईला कोणी तरी सांगितलं आहे. तोवर पाहुणे नकोत म्हणाली. अंधश्रद्धेचा उपयोग पहिल्यांदाच झाला. हातात दोन महिने.

५ डिसेंबर
कारखान्याच्या महिला समितीच्या सेक्रेटरीबाईंना भेटले. नवी बालवाडी निघते आहे, शिक्षिका हवी. पदवीचा कागद त्यांनी उलटासुद्धा केला नाही. म्हणाल्या, "डिग्री तो सब लाती हैं, कुछ करके दिखाइए." सव्वीस जानेवारीला क्वार्टरांच्या बागांची स्पर्धा आहे, पाहायला त्या स्वतः येणार. पहिला नंबर आला की नोकरी. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण डोळ्यांत दिसलं.

७ डिसेंबर
आमच्या अंगणात वालाचा वेल आणि आईची वांगी. जागा नाही. सामान्य मुलगी इथे थांबली असती. लायब्ररीत लंडनचं एक पुस्तक सापडलं: पानांत पाणी साठवणाऱ्या रसाळ वनस्पती. त्या भिंतीवर टांगता येतात. उभी बाग! भिलाईत अजून कोणी केलेली नाही. (चौकशी केलेली नाही, पण खात्री आहे.)

१० डिसेंबर, रविवार
बाग तयार. बाबांनी गेटपास काढून मशिनरीच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, खिळे ठोकले. आईने आमच्या क्वार्टरांच्या लाइनभर फिरून डालडाचे चोवीस डबे जमवले, तळाला भोकं पाडली, मरोदा गावच्या नाल्याकडून माती आणि रोपं डोक्यावरून आणली. कोरफड, पानफुटी, घायपात, खालच्या रांगेत घोळाची रोपं. मी प्रत्येक डब्यावर लॅटिन नावाची चिठ्ठी चिकटवली. फार दमले. पण सगळं एकटीने केल्याचं समाधान वेगळंच.

१७ डिसेंबर
आईला सामाजिक दृष्टी देण्याचा प्रयत्न. म्हटलं, ही बाग आपली एकट्यांची नाही, साऱ्या लाइनीची आहे. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजे बायाईले देता येते?" मी म्हटलं, बायकांना कल्पना देता येते, प्रेरणा देता येते, सगळं देता येतं. "बरं," म्हणाली. इतक्या लवकर पटेल असं वाटलं नव्हतं.

२४ डिसेंबर
सकाळ-संध्याकाळ पाणी. पुस्तकात "नियमित" लिहिलं आहे. आई म्हणते, "कोरफडीले रोज पानी कावून टाकून राहिली? सडन ना ते!" लंडनच्या तज्ज्ञाचं ऐकावं की आईचं? तिच्यावर रागावले नाही. तिला संधी मिळाली नाही.

२ जानेवारी १९६२
तीन कोरफडी शिजवल्यासारख्या मऊ. कारण उघड आहे: कोक ओव्हनचा धूर. आजपासून पाणी तीनदा, म्हणजे पानं धुतली जातील.

६ जानेवारी
दुर्गहून आले तर खालची रांग बोडकी आणि ताटात घोळाची भाजी, तुरीची डाळ घालून. बाबा म्हणाले, "लय बेस झाली." मी पानावरून उठले. घरच्यांनीच असं केलं तर देशाने कोणाकडे पाहायचं?
नंतर भूक लागली म्हणून थोडी खाल्ली. चव चांगली होती. हे तत्त्वाच्या विरुद्ध आहे.

१२ जानेवारी
शेजारच्या बेबीताई रोज येतात. शाळा पाहिलेली नाही, पण ज्ञानाची भूक केवढी! कोणतं रोप उन्हात टिकतं, सेक्रेटरीबाई कधी येणार, आधी काय पाहतात, सगळं विचारून घेतलं. मी तासभर बोलले. जाताना म्हणाल्या, "जया, तुह्या डोक्यात लय हाय वं." पहिली शिष्या मिळाली.

१९ जानेवारी, शुक्रवार
बालवाडीच्या नोकरीचा अर्ज टाईप करून आणायला दुर्गला गेले होते. परत आले तर भिंतीवर फळ्या, खिळे आणि एक घायपात. आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी आई कंगवे वाटते. यंदा तिने वाण म्हणून माझी बाग वाटली. तेवीस बायकांना तेवीस डबे. घोळाच्या रिकाम्या डब्यांत पानफुटीची पानं खोचून दिली. घायपात काट्यामुळे कोणी घेतली नाही.
मी ओरडले. आई शांत. "तूच तं म्हनली होती, सगळं देता येते. अन् तुह्या हाताखाली मरूनच राहिले होते बिचारे."
म्हटलं, परत माग. तर तिने कानांवर हात ठेवले. दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे त्या सवाष्णीच्या कुंकवावरच उठायचं म्हणे. बाबा ड्यूटीवरून आले, भिंत पाहिली. "खिळे मजबूत हायेत, सायकल टांगता येईन."
स्वतःच्या आईने!

२१ जानेवारी
घरोघर गेले. परत मागायला नाही, फक्त पाहायला. कोणाकडे दारातच डबा, कोणाकडे त्यात तुळस. बऱ्याच ठिकाणी रिकामा हात: "तो तं बेबीताईनं नेला, बांगड्या दिल्या बदल्यात."
बेबीताईंच्या भिंतीवर चौदा. ओळीने. माझ्या चिठ्ठ्यांसकट. त्या म्हणाल्या, "मी चोरले नाही बाई. तुह्या आईनं वाटले, बायाईनं मले देल्ले." कायद्याने बरोबर आहे. म्हणूनच जास्त लागलं.

२६ जानेवारी
सेक्रेटरीबाई आल्या. माझ्या घायपातीकडे पाहून म्हणाल्या, "यह क्या, सिर्फ कांटा?" आणि पुढे गेल्या. बेबीताईंकडे वीस मिनिटं. कोरफडी टवटवीत झाल्या होत्या. धूर त्यांच्याकडेही तोच आहे. याचा खुलासा पुस्तकात नाही.
ही कल्पना कोणाची, असं बाईंनी विचारलं. मी कुंपणाशी होते. बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "मेरीच है, मॅडम."
पदवीधर मुलीने रस्त्यात भांडू नये म्हणून मी घरात आले. (पळतच.)
पहिला नंबर.

५ फेब्रुवारी
अष्टग्रही होऊन गेली. जग बुडालं नाही. माझी थोडी आशा होती.

७ फेब्रुवारी
बेबीताई सर्टिफिकेट वाचून घ्यायला आल्या. लाइनीत वाचणारी मीच. "मौलिक कल्पनेबद्दल" असं लिहिलं आहे. दोनदा वाचायला लावलं. समितीने त्यांना दर बुधवारी बायकांना उभी बाग शिकवायला बोलावलं आहे. कुठून सुरुवात करू, म्हणाल्या. मी मुद्दे सांगितले. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून पाठ करवून घेतले. माझ्या अर्जाचं विचारलं तर म्हणाल्या, बालवाडीवर दुसरी कोणी तरी ठेवून घेतली वाटते.
मी का शिकवलं, कोणाला ठाऊक. सवय.

१० फेब्रुवारी
उद्या तुमसरचे पाहुणे. ठरलं आहे: सर्वांसमोर उभी राहून स्पष्ट नकार देणार. वाक्यं तयार आहेत.
आई म्हणाली, भिंत उघडी बरी दिसत नाही. संध्याकाळी बेबीताई आपण होऊन चार डबे घेऊन आल्या, माझ्याच खिळ्यांना टांगले. "पावन्यांसमोर बेस दिसन. सोमवारी वापस करजो. अन् हात जोडतो बाई, पानी नको टाकू."

११ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे आले. मुलाच्या आत्याबाई भिंतीपाशी थबकल्या. ही कोणी केली म्हणे. आई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आमच्या जयानं. सगळी तिच्याच डोक्यातून."
इतक्या दिवसांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. ऐकायला हवं होतं ते सव्वीस तारखेला.
आत्याबाईंनी विचारलं, "रोज पानी घालतेस का, पोरी?"
नकार द्यायला मी तोंड उघडलं होतं. निघालं ते असं: "नाही. रोज लागत नाही."
आत्याबाई बाबांकडे वळून म्हणाल्या, पोरगी समजदार आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार
तुमसरचा होकार आला. बाबा पेढे आणायला गेले.
चार डबे परत केले. बेबीताईंनी एकेका डब्यात बोट खुपसून माती पाहिली. कोरडी होती.
"आता शिकली," म्हणाल्या.