चौदा हिरे आणि तीन दिवस

अण्णा,

"या तीन दिवसांत आपल्या घरात काही घडलं नाही, एवढं लक्षात ठेव," असं तुम्ही मला म्हणाला होतात. बसवनगुडीच्या कोपऱ्यावर, फुलवाल्यांच्या टोपल्यांशेजारी. तुम्ही नुकतेच कारखान्याच्या बसमधून उतरला होतात आणि माझ्या हातात आईने आणायला सांगितलेली कोथिंबीर होती. मी पंधरा वर्षांची होते. आता माझी मुलगी त्याहून मोठी आहे, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुमचं ते सांगणं मी अजून पाळते आहे.

तुमच्या नोकरीपायी आपण साताऱ्याहून इकडे कानडी मुलखात आलो. शेजारच्या अक्कांचं घराणं मात्र कित्येक पिढ्या इथलंच, मराठी बोलायच्या तीही कानडीत बुडवून काढलेली. हळदीकुंकवाला जमलेल्या प्रत्येक बाईच्या कानात हिरे असायचे आणि आईच्या कानात लग्नातल्या मोत्याच्या कुड्या. हिऱ्याच्या कुड्या करायचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. एकदा आजोबांचं आजारपण निघालं, एकदा काकांचं शिक्षण. आईने ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तुम्हाला ते जास्त लागलं असावं. तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा अक्कांनी इथली रीत सांगितली. "असे लगेच घ्यायचे नसतात हो. खडे आधी घरी आणायचे, तीन दिवस देवापाशी ठेवायचे. काही वाईट घडलं नाही तर सरी, ठीक, ते आपले. नाहीतर स्वल्पही विचार न करता परत." साताऱ्यात असलं काही कुणी ऐकलं नव्हतं, पण आईच्या मनात ते घट्ट बसलं.

चिकपेटेतल्या दुकानात अक्का आपल्याबरोबर आल्या होत्या. दुकानदारांनी दिव्याखाली मखमलीवर खडे मांडले, आणि तुम्ही ते उचलून दारातल्या सावलीत नेलेत. अजून डोळ्यांसमोर आहे: सकाळचे दहा वाजलेत, तुम्ही पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीत एकेक खडा पालथा ठेवताय, पिवळी झाक कुठे दिसते का बघताय. मग त्यावर श्वास सोडताय आणि वाफ किती पटकन उडते ते बघताय. कारखान्यात दिवसभर मापं तपासणारा माणूस तुम्ही, एकसारखे चौदा खडे, कुडीला सात, जुळवायला दीड तास घेतलात. दुकानदार कंटाळून म्हणाले, "साहेब, हे बेअरिंगचे छर्रे नव्हेत." अक्का म्हणाल्या, "मुलगी बघायला गेला होता तेव्हा तरी एवढा वेळ लावला होता काय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तेव्हा भिंग नेलं नव्हतं." आई पदराआड हसली. तिला तशी हसताना मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. चौदातल्या एका खड्यात काठाशी टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपका होता. तो तुम्ही परत कराल असं मला वाटलं. तुम्ही भिंग माझ्या डोळ्याला लावलंत. "तेज बघ, बाकीच्यांहून कमी आहे का? आणि कुड्या घडवून आल्या की हा ठिपका शोधायचा. हा सापडला म्हणजे खडे आपलेच."

अक्कांच्या शब्दावर दुकानदारांनी पुडी घरी नेऊ दिली. पुढे आईचं जे चाललं होतं ते आठवून मला आजही हसू येतं. कपबश्या तिने उंच फळीवर ठेवल्या, आम्हाला शिंकायची चोरी झाली, दुधापाशी ती राखणीला बसल्यासारखी बसायची. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बसमधून उतरलात ते नेहमीसारखे नव्हतात. परदेशी प्रशिक्षणाच्या यादीतून तुमचं नाव काढलं होतं. दोन वर्षं तुम्ही त्या जर्मनच्या पुस्तकातले शब्द घोकत होतात, लोकरी कोट शिवून तयार होता. खिशातला कागद तुम्ही मला दाखवलात, कारण तेव्हा तिथे मीच होते. "आईला?" मी विचारलं. "आईला सांगितलं तर पुडी उद्या सकाळी दुकानात परत जाईल," तुम्ही म्हणालात, "आणि ती पुन्हा कधी मागणार नाही." मग ते वाक्य. घरी येऊन तुम्ही आमटी दोनदा मागून घेतलीत.

चौथ्या दिवशी खडे आपले झाले. दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवू नयेत हा कायदा अजून यायचा होता, त्यामुळे कुड्या चांगल्या सोन्यात घडल्या. कोंदण मागून उघडं हवं, नाहीतर मळ साचून खडा आंधळा होतो, म्हणून तुम्ही सोनाराशी वाद घातलात. कुड्या आल्यावर ठिपका मी शोधला. मगच तुम्ही, जणू आजच कळलं असं दाखवून, परदेशाचं रद्द झाल्याचं आईला सांगितलंत. तिने कानाला हात लावला आणि म्हणाली, "जेवून घ्या." मला वाटलं, किती सहज घेतलं हिने.

त्यानंतर वर्षातून तीनदा रविवारी सकाळी तुम्ही आणि मी कुड्या धुवायचो. वाहत्या पाण्याखाली कधी नाही, वाडग्यात. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, मऊ ब्रश, पुसायला तुमचं जुनं धोतर. हिऱ्याला तेल चिकटतं म्हणून न्हायच्या दिवशी त्या आधी काढायच्या. हिऱ्यावर चरा उठतो तो हिऱ्यानेच, म्हणून दोन्ही कुड्या मलमलीच्या वेगवेगळ्या तुकड्यांत ठेवायच्या. खडा हलतो का ते कानाशी धरून ऐकायचं. एखाद्या गोष्टीकडे सावकाश कसं बघावं हे मला शिकवलं ते त्या रविवारांनी. माझ्या हातून जे थोडंफार चांगलं लिहून झालं, ते त्याच वाडग्यातलं आहे. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुम्ही गेल्यावर आईने कुड्या काढून ठेवल्या; रीत म्हणून, असं मी समजले. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या लग्नासाठी मी त्या धुवायला घेतल्या. ठिपका आधी शोधला. आई शेजारी बसली होती. एकदम म्हणाली, "पोरीच्या कानात ह्या नको घालूस. मोडून टाक." मी का म्हणून विचारलं. "तीनच दिवस बघितले मी. घेतल्या, आणि पुढच्या आठवड्यात ह्यांचं जाणं रद्द झालं. माझ्या हौसेपायी गेलं त्यांचं." "मग इतकी वर्षं घातल्यास कशाला?" "त्यांना बघायला आवडायचं. काढल्या असत्या तर का काढल्यास म्हणून विचारलं असतं. काय सांगणार होते?"

अण्णा, तुम्ही तिच्यासाठी गप्प राहिलात आणि ती तुमच्यासाठी. मी तर दोघांची आज्ञाधारक मुलगी.

तुमच्या ट्रंकेत, त्या जर्मनच्या पुस्तकात, तो कागद अजून होता. त्यावरची तारीख खडे आपल्या घरी यायच्या आदल्या आठवड्यातली आहे. त्या दिवशी हिरे अजून चिकपेटेत होते.

हे लिहिलेलं मी घडी करून तुमच्या भिंगाच्या डबीत ठेवणार आहे. तुमचा तो कागद मात्र सोमवारपासून माझ्या देव्हाऱ्यात आहे. आज तिसरा दिवस. काल दूध करपलं, पण ते मी धरलेलं नाही. उद्या सकाळी तो आईच्या हातात देऊ द्या. तुम्ही नकोच म्हणणार, तिला कळेल मी खोटं बोललो, असं म्हणणार. बोललातच, अण्णा. तरी देऊ द्या.