वगळलेलं पान

आवं,

तुमाला उठवलं न्हाई. सृष्टीला घेऊन सातच्या एसटीनं मिरजेला चाललेय. नर्सिंगच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिस हाय. तिला बघायला पाहुणे येणार होते, त्यांना मीच फोन करून आज येऊ नका म्हणून सांगितलंय. वन्सं रागावतील, रागावू द्यात. तुमी कोईमतूरच्या सोनं-चांदी गाळायच्या गलाई दुकानातनं वर्षानं पंधरा दिस घरी येता, त्यात भांडण नको म्हणून आठवडाभर गप बसले.

भाकरी दुरडीत हायत, वांग्याचं कालवण गॅसवर हाय. दूध तापवलंय, मांजराकडं ध्यान ठेवा.

आणि एक. काल तुमी साक्षीला तिचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होता, शेळ्या राखणाऱ्या पोरीचं. बाप तिला सायकलवर बसवून शाळेत सोडतो, ते पान तुमी वाचलंच न्हाई. दोन पानं एकदम उलटली. मी दारातनं बघत होते. साक्षीला ते पुस्तक तोंडपाठ हाय. तुमी उठून गेल्यावर मला म्हणाली, "आई, पप्पांना तेवढं पान वाचता येत न्हाई का?"

मी म्हणाले, येईल गं, उद्या येईल.

पुस्तक टीव्हीपाशी ठेवलंय. त्या पानात खूण म्हणून सृष्टीच्या बारावीच्या निकालाची झेरॉक्स घातलीय. तुमी अजून बघितला न्हाई निकाल.

साक्षी आठला उठते. तेवढं पान वाचून दाखवा, आणि साडेदहाला तिला शाळेत सोडून या.

सृष्टीची आई