मशीन एकदम गप

१८ सप्टेंबर
थ्रेशरच्या पत्र्यावर खडूनं गिऱ्हाइकांचे मळणीचे नंबर लिहायची पद्धत आजपासून बंद. नंबर आधी कॉम्प्युटरमध्ये भरले, मग पत्रा ओल्या फडक्यानं पुसला. पेंटरकडून वर लिहून घेतलं : 'कॉम्प्युटराइज्ड'. कॉम्प्युटरचं मशीन वाशीमच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं, स्वस्तात मिळालं. लिनक्स आणि डेटाबेस कामरगावच्या धम्मरत्ननं टाकून दिला. तो पुण्यात कंपनीत आहे.
रंगू म्हणे, खडू काय खायाले मागत होता?
प्रगतीत बायकोचा विरोध धरूनच चालायचं.

२० सप्टेंबर
स्पीड कमी. ट्यूनिंग पाहिजे. अर्धं आयुष्य पंपाच्या मोटारी रिवाइंड केल्या, त्यातूनच हा थ्रेशर उभा राहिला. मोटारीला काय दुखतं ते कानानं सांगतो. निरोगी मशीन आवाज करत नाही. बस, हेच सूत्र.
चार जीबी मेमरी, आणि डेटाबेसला फक्त पाव हिस्सा! एवढी कंजुषी कायले? सगळी देऊन टाकली.

२१ सप्टेंबर
पंखा बोंबलला, डेटाबेस मेला. धम्मरत्नला फोन. म्हणे, काका, सगळं त्यालेच वाढलं तर लिनक्सनं काय खावं? उपाशी लिनक्सनं डेटाबेसलाच मारलं म्हणे. पाव हिस्सा परत केला. पंखा शांत. म्हणजे माझं सूत्र बरोबर.

२५ सप्टेंबर
दर नोंदीला डिस्क कटकट करते. लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरलं का, ते डेटाबेस दर वेळी तपासून पाहतो. धम्मरत्न म्हणे, ते बंद नका करू, लाइन गेली तर सगळं जाईल. पोरगा हुशार, पण शहरात राहून भित्रा झाला. आपण गिऱ्हाइकावर संशय घेत नाही, डिस्कवर काय घ्यायचा?
बंद. कटकट थांबली. नोंद चुटकीसरशी.
उद्या इन्व्हर्टर आणायचा.

२८ सप्टेंबर
दुपारी बॅकअप सुरू झाला की पंखा घरघरतो. नेमकी डुलकीची वेळ. बॅकअप बंद. सीझन संपला की चालू करू.
इन्व्हर्टर उद्या नक्की.

३ ऑक्टोबर
शेलूबाजारच्या चौकात चहा पिताना जाहीर केलं, आता कोणी नंबर लक्षात ठेवू नका. जऊळक्याचा थ्रेशरवाला मोहनसिंग तिथंच होता. म्हणे, इंदरभाऊ, माह्या खडूले लाइन लागत नाई. सगळे हसले. माणिकराव तेवढे हसले नाहीत. त्यांचं सोयाबीन सोंगून पडलंय. नंबर पक्का ना, म्हणे. मी म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.
इन्व्हर्टरच्या दुकानात गर्दी होती.

७ ऑक्टोबर, सकाळी
पहाटे लाइन गेली, आली. मशीन एकदम गप. डब्याला कान लावून ऐकलं. कटकट नाही, घरघर नाही. असं ट्यूनिंग आयुष्यात साधलं नव्हतं.

७ ऑक्टोबर, दुपारी
डेटाबेस उठत नाही. धम्मरत्नला फोन. त्यानं बॅकअप विचारला. मी सांगितलं. मग तोही एकदम गप.

८ ऑक्टोबर
आभाळ भरून आलेलं. पाणी पडलं तर वावरातल्या शेंगांना कोंब फुटतील, म्हणून सगळे घाईत. लोकांना म्हटलं, आपापला नंबर सांगा. प्रत्येकाचा पहिला.
माणिकरावांनी थ्रेशर ओढणाऱ्या ट्रॅक्टरपुढे बाज टाकली. म्हणे, माह्या वावरात चाल, नाई तं माह्या आंगावरून ने. मागं घ्यावा म्हटलं तर मागं दुसऱ्या गिऱ्हाईक भागिरथाबाईंची बाज. म्हणे, दिवटं ते कम्पुटर, त्याले इच्यार माहा नंबर!
थ्रेशर जागचा हलला नाही.

९ ऑक्टोबर
बाजा तशाच. आता जेवणाचे डबेही तिथंच येतात.
'कॉम्प्युटराइज्ड'च्या खाली कोणीतरी कोळशानं स्वतःचं नाव लिहून ठेवलंय. त्याच्यावर दुसऱ्यानं आपलं.

१० ऑक्टोबर
सकाळी बाजा दिसल्या नाहीत. वाटलं, समजूत पटली. माझं बोलणं गोडच आहे.
आमचंही सोयाबीन पडून होतं, म्हणून वावरात गेलो. तिथं मोहनसिंगचा थ्रेशर चालू, आणि शेंगा टाकायला रंगू स्वतः उभी. बांधावर माणिकराव, भागिरथाबाई आणि दोन्ही बाजा. मोहनसिंग खडूनं त्यांचे नंबर लिहीत होता.
रंगूला विचारलं, आपला नंबर कधी लावला? म्हणे, तुमी फडकं ओलं केलं तवाच.
मोहनसिंगच्या मशीनचा आवाज भयंकर. बेअरिंग गेलंय. त्याला बाजूला घेऊन मोकळ्या मनानं सांगितलं, तुला डेटाबेस लावून देतो, एकदम गप चालतो.
त्यानं खडू खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला.