पिवळी वायर

घोटावडे, रविवार संध्याकाळ

बॅटरीचं ड्रिल घेऊन चुकलोच का? माझ्या शेडात वीज नाही. इतकी वर्षं पिवळी वायर बांधावरून नेऊन शेजारच्या दत्तूच्या पडवीत लावायचो. ती दिसली की दत्तू यायचा, फळीचं दुसरं टोक धरायचा, गप्पा हाणायचा. मग ग्राइंडर, करवत, सगळंच बॅटरीचं घेतलं, घरूनच चार्ज करून आणायला लागलो. महिना झाला, दत्तू फिरकला नाही.

आज मुद्दाम जुनं ड्रिल अन् पिवळी वायर घेऊन गेलो.

"आता वायर कशाला?"

"बॅटरी उतरलीय." धडधडीत खोटं.

"मग चार्जर आन हिकडं, लावतो की."

चार्जर अन् भरलेली बॅटरी त्याच्या हातात देऊन आलो. बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लगेच लागला असेल. दत्तूनं अजून हाक मारलेली नाही.