हाडांतली चौकी

आप्पा, ज्या पाटाच्या कडेनं तुम्ही पाटकरी म्हणून जन्मभर सायकल हाकलीत, तो पाट मला मध्यंतरी नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात भेटला. हसू नका, खरंच सांगतेय. तुमची दारातली चिंच धाकट्याकडं गेली आणि तुमची साखर माझ्याकडं आली, अशी आपली वाटणी झाली. बारा वर्षं झाली मला. आणि तुमच्याकडूनच शिकलेली एक युक्ती मी इमानेइतबारे पाळत होते. साहेबांची तपासणी येणार असं कळलं की आदल्या दिवशी तुम्ही चौकीवरचे बिगारी घेऊन पाटातून फुटलेल्या चारीची सगळी गळती गवत-चिखलानं बुजवायचात. साहेब जीपमधून बघून खूश होऊन जायचे, आणि चार दिवसांनी पाणी पुन्हा आपल्या वाटेनं दुसऱ्याच्या उसात. रक्त तपासायचं असलं की स्वतःचंही तुम्ही तसंच करायचात. दोन दिवस बाजरीची भाकरी आणि मेथ्या, आणि रिपोर्ट हातात पडला की थेट गुऱ्हाळावर. आई ओरडायची, "आवो, साखर काय तुमचा सायेब हाय व्हय, बघून निघून जायला?" तुम्ही काकवीचं बोट चाटत म्हणायचात, "रिपोर्ट चांगला हाय ना? मंग झालं तर." मीही बारा वर्षं तेच करत आले.

मग यंदा दिवाळीच्या आधी, दुकानात ब्लाउजचा ढीग पडलेला असताना, टेपवरची सरळ रेघ मला मधेच वाकडी दिसायला लागली. मी आधी टेपला शिव्या घातल्या, मग ट्यूबलाइटला, मग मशीनला. लेक शेजारी बसून हुक लावत होती. तिनं माझ्या हातातला ब्लाउज ओढून घेतला आणि म्हणाली, "आई, शिवण बघ कशी नागमोडी गेलीय. तुला दिसत नाहीये." मी म्हटलं, "कुणाला बोलू नको गं, बाजारात भेळ खायला नेते." तर म्हणते कशी, "मी काय चार वर्षांची आहे का?" आणि तिथल्या तिथं फोन काढून नगरच्या दवाखान्याची वेळ घेतली. असली चोंबडी पोरगी! वरवर रागावले मी, पण मनात एकच: शिलाई गेली तर माझ्यात उरतं काय? आणि शेवटच्या वर्षी तुम्ही आईचा चेहरा हातानं चाचपून "तूच ना गं?" म्हणायचात, ते राहाता ते नगर रस्ताभर आठवत होतं.

डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीएवढी पोरगी. तिनं आधी माझी युक्ती उघडी पाडली. "मावशी, दोन दिवस मेथ्या खाऊन चालत नाही, हा रिपोर्ट तीन महिन्यांचा हिशेब सांगतो." मग तिनं पडद्यावर माझ्या डोळ्याचा फोटो दाखवला. आतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी पाझरत होत्या. मी विचारलं, "अगं, पण अंगाला जखम झाली की आपोआप भरते, मग डोळ्यातलं का नाही भरत?" तिला प्रश्न आवडला असावा, कारण ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, हाडांच्या आत मज्जा असते. (तुम्ही मटणाची नळी ताटावर आपटून चोखायचात ना, तीच.) तिथल्या मूळपेशी रक्त बनवतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशीही तिथूनच निघतात, रोजच्या ठरल्या वेळेला. पण साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जेतल्या नसाच बधिर होतात. पेशी वेळेवर निघत नाहीत, कमी निघतात, आणि निघाल्या त्यांतल्या कित्येक दुरुस्ती सोडून सूजच वाढवतात.

"म्हणजे चौकीवरचे बिगारीच आजारी," मी म्हटलं, "आणि आम्ही उगाच चारीला नावं ठेवतोय!" तिला काही कळेना. मग मी तिला तुमची चौकी, बिगारी, पाणी सोडायचं आवर्तन, गळती सगळं समजावून सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळलेले आणि आम्ही दोघी पाटावर बोलतोय. ती हसत सुटली. म्हणाली, "अगदी तसंच. फक्त चौकी सुधारायचं औषध अजून माझ्याकडं नाही, त्यावर संशोधन चाललंय. गळती मी इंजेक्शननं थांबवते. बिगाऱ्यांना आणखी आजारी पाडायचं नाही, ते तुमच्या हातात."

तीन इंजेक्शनं झाली. डोळ्यात सुई म्हटल्यावर मी देवाला काय काय बोलले असेन ते विचारू नका, पण मुंगी चावल्याइतकंसुद्धा दुखलं नाही. काल टेपवरची रेघ सरळ दिसली आणि मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. लेकीला नवा ड्रेस शिवते आहे. तिनं चोंबडेपणा केला नसता तर मीही चेहरे चाचपत बसले असते.

म्हणूनच हे लिहायला बसले, आप्पा. मी चौथीत होते. सायकलच्या नळीवर मला बसवून तुम्ही निघाला होता आणि ज्वारीतल्या बुजगावण्याला "राम राम पाटील" म्हणालात. ते बोलेना म्हणून तुम्ही चिडलात, आणि मी हसून हसून सायकलवरून पडायची राहिले. मग तुम्हीही हसलात, सायकल थांबवलीत आणि हळूच म्हणालात, "आईला सांगू नगं बरं का. बाजारात भेळ देतो." मी कुणाला सांगितलं नाही. मोठ्या शहरात तेव्हाही लेसरचे उपचार होते म्हणे. ते वेळेवर झाले असते तर काय, हे त्या डॉक्टरला विचारायचं मला धाडस झालं नाही.

हा कागद मी शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवणार आहे. तुम्ही भेळ एकदाच कबूल केली होतीत. पुढं दोन वर्षं दर बाजाराला मी "आईला सांगू का?" म्हणत ती मागून घेतली, आणि तुम्ही दरवेळी दिलीत. भेळ फार छान असायची, आप्पा.