नावाच्या जागी रेघ

३ जून, सोमवार

आज रुजू झाले. इतकी वर्षं महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवल्यावर, शिकवलेलं प्रत्यक्ष चालताना आता प्रथमच पाहायला मिळणार, या कल्पनेने सकाळपासून हुरळून गेले आहे. खोली छोटी, पण हवेशीर आहे. दादाने गादी, बादली आणि इस्त्री स्वतः वर चढवली. धापा टाकत मला विचारलं, की संगणकांची राखण करायला निघालीस खरी, पण आजवर घराची किल्ली किती वेळा हरवलीस हे तिथे कळवलंस का? या शहरात तोच एक माझा माणूस.

कामाचं स्वरूप नीट मांडून ठेवते. इस्पितळं, शाळा, छोटे कारखाने यांना स्वतःचे सुरक्षातज्ज्ञ पोसणं परवडत नाही. त्यांच्या संगणकांवर आमची कंपनी कंत्राटाने पहारा देते. कोण आलं, काय उघडलं, काय बदललं, हे आमच्या पडद्यांवर उमटत राहतं. काही वावगं दिसलं की इशारा वाजतो, आम्ही छाननी करतो आणि गरज भासल्यास तो संगणक विलग करतो. ही विलग करण्याची युक्ती मला विलक्षण आवडली. विलग झालेल्या संगणकाचा साऱ्या जगाशी संबंध तुटतो. एकच तार शाबूत राहते, पहारेकऱ्याकडे येणारी. तो काहीही बोलला तरी ते फक्त पहारेकऱ्यालाच ऐकू जातं.

नव्या मुलामुलींना हे सारं शिकवणं हे माझं काम. रोजनिशीही आता कंपनीच्या लॅपटॉपवर लिहीन, आणि वाक्यं पूर्ण करीन. माझे विद्यार्थी विचार संपला की रेघ ओढून मोकळे होत. मी लाल शाईने त्या रेघेच्या जागी पूर्णविराम द्यायला लावत असे.

६ जून, गुरुवार

पहिला तास रंगला. विषय होता, यंत्रणेला वावगं कळतं कसं. मी कुत्र्याचं उदाहरण घेतलं. नवा कुत्रा घरी आणला की सुरुवातीला तो फक्त वास घेत हिंडतो. त्या काळात घरात जे जे वावरतं, ते घरचं. पुढे त्याबाहेरचं कुणी आलं की तो भुंकतो. आमची यंत्रणाही नव्या संस्थेत पहिला महिना फक्त पाहते आणि तिथलं ‘नेहमीचं’ काय, ते शिकते. एका मुलीने विचारलं, की त्याच महिन्यात सासूबाई मुक्कामाला आल्या असल्या तर? वर्ग खदखदून हसला. मी म्हटलं, मग सासूबाई कायमच्या घरच्या.

पहाऱ्याच्या दालनात सर्वांत जुना माणूस माझ्याहून लहान आहे, तरी त्याला सगळे आजोबा म्हणतात. मलाही तो ‘ये गं नातवंडा’ म्हणाला. आमच्या प्रमुखांना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्या मितभाषी आणि न्यायी आहेत.

११ जून, मंगळवार

दादाच्या पोटाची शस्त्रक्रिया सुखरूप झाली. योगायोग असा, की ते इस्पितळ आमच्याच पहाऱ्यात आहे. उशाशी वेदनाशामकाचा पंप आहे. किती औषध किती वेगाने द्यायचं, हे त्याला इस्पितळाच्या संगणकावरून कळतं. मी दादाला ते सगळं समजावून सांगत बसले. तो म्हणाला, की भूल उतरली होती, तू परत चढवलीस.

१३ जून, गुरुवार

शिकवण्यासाठी उदाहरणं हवी होती, म्हणून त्या इस्पितळाच्या नोंदी चाळल्या. त्यांत एक खातं विचित्र आहे. नावाच्या जागी नुसती एक रेघ. — अशी. ते पंपांच्या नोंदी उघडतं, पाहतं, निघून जातं. त्यावर एकही इशारा नाही.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, की अगं, ते नेहमीचंच आहे, आपण पहारा घेतला त्याआधीपासूनचं. असेल पंपवाल्यांचं काहीतरी, तू नको डोकं शिणवूस. मग इस्पितळाच्या संगणकवाल्याला फोन केला. तो चकित झाला. त्याने मलाच विचारलं, की म्हणजे काय मॅडम, ते तुमचं नाही?

त्यांना वाटलं आमचं. आम्हाला वाटलं त्यांचं.

कुत्रा आणला तेव्हा ते घरातच होतं.

१४ जून, शुक्रवार

मागच्या नोंदी क्रमाने लावल्या. ते एका वेळी एकाच खाटेशी थांबतं. खिडकीजवळच्या खाटेशी थांबलं, औषधाचा वेग किंचित वाढत गेला आणि खाट रिकामी झाली. मग दाराजवळची. तीही रिकामी झाली. प्रत्येक वेळी डॉक्टरांचा मूळ आदेशसुद्धा बदललेला, त्यामुळे परिचारिकांना आकडे जुळतानाच दिसले.

परवापासून ते दादाच्या खाटेशी आहे.

धावत गेले. दादा झोपेतच बोलत होता. परिचारिकेने शांतपणे दोन्ही आकडे दाखवले. जुळत होते. मी पंपाला हात घातला तेव्हा तिने रखवालदाराला बोलावलं.

१५ जून, शनिवार

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्या खात्याचा धोका शून्य. इस्पितळाच्या नोंदी वारंवार उघडणारी, एकाच रुग्णामागे लागलेली, परवानगीबाहेर वागणारी अशी दुसरीच एक व्यक्ती लाल रंगात होती. मी.

बाई हळुवारपणे म्हणाल्या, की तुम्हीच शिकवता ना, ओळखीपाळखीवर पहारा चालत नाही? आराम करा. त्यांनी माझं खातं बंद केलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

१६ जून

इस्पितळाचं दार पास स्वीकारत नाही. रखवालदाराच्या पडद्यावर माझा फोटो लाल. तो सांगत होता, की ताई, माझ्या हातात काही नाही, यंत्र नाही म्हणतंय. आत फोन लावायला गेले — फोनही कंपनीचा. बंद. त्याच्याकडे फोन मागितला. त्याने लावून दिला. परिचारिका म्हणाली, पेशंट झोपलाय, आकडे नेहमीचेच आहेत.

नेहमीचे —

१७ जून

आजोबा माझ्या खोलीच्या दाराशी आले होते. चेष्टा केली नाही. मी हात जोडले, की निदान पंप हाताने बंद करायला सांगा. ते म्हणाले, सांगितलं. आणि लगेच त्यांचंही खातं लाल झालं. आता त्यांचंही कुणी ऐकत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणाले — मग रडले.

पोलीस चौकीतल्या माणसाने कंपनीला फोन लावला. कंपनीने सांगितलं, की मी आजारी आहे, मला सांभाळून घ्या.

१८ जून

समोरच्या फुटपाथवर बसले आहे. वर दादाची खिडकी. पडदा ओढलेला —

मागची पानं वाचली. त्यांत रेघा आहेत. मी रेघा ओढत नाही. कधीच नाही. पूर्णविराम देऊन पाहिला. पुन्हा पाहिलं तर —

१८ जून, नंतर

लॅपटॉप विलग झाला आहे. पडद्यावर सूचना आली. सर्व संबंध तोडले. एकच तार सुरू. पलीकडे पहारेकरी: —

म्हणजे मी लिहिते ते —

फक्त तूच वाचतोस.

बरं. मग तुलाच लिहिते. तो माझा दादा आहे. किल्ली हरवली की तोच दार उघडतो. मला घे, माझं काय हवं ते — त्याला सोड. तुला ऐकू येतंय, हे मला ठाऊक आहे. मीच शिकवते हे. खिडकीतला दिवा आत्ता —

दादा —